खोट्या जखमांचं टेबल

सागवानावर चॉक पेंट लावणं हा माझ्या मते कोर्ट मार्शलचा विषय आहे. हसा हवं तर.

गेल्या महिन्यात इथे जबलपूरला एका तरुण कॅप्टनकडे चहाला गेलो होतो. बैठकीत नवं कौतुक मांडलेलं. टेबलावर आधी राखाडी रंगाचा थर, त्यावर पांढरा, मग पॉलिश पेपरने कडा घासून खालचा राखाडी मुद्दाम उघडा पाडलेला, आणि शेवटी मेण. "जुना लुक येतो, सर." मी वाकून खालून पाहिलं. तिथे ब्रश पोहोचला नव्हता. अस्सल साग, कबाड्याकडून आणलेला, वयाने माझ्याहून थोरला. म्हणजे खरं म्हातारपण झाकलं आणि वर खोटं काढलं! जुन्या सैनिकाच्या व्रणांवर पावडर थापून शेजारी लाल शाईने नवे व्रण काढावेत, तसं.

अ‍ॅनी स्लोन या बाईंनी १९९० मध्ये हा रंग बाजारात आणला. प्लायवूडवर तो खुशाल लावा, प्लायवूडला लपवायला काही तरी लागतंच. पण साग? हे शहर लाकडाला नवखं नाही. १९०४ साली इथे गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली, तेव्हा तोफांची चाकंसुद्धा लाकडी असत. शेजारच्या सिवनी-बालाघाटकडे पळसावर आणि कुसुमावर लाख पिकते. ती स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने पातळ हात देत गेलं की सागाच्या रेषा वर येतात. त्यावरही गरम कपाचा पांढरा डाग पडतो, मान्य. पण पुन्हा बोळा फिरवला की बहुतेक वेळा जातो. चॉक पेंट मात्र लाकडाच्या रंध्रांत शिरून बसतो. आणि वरचं मेण जबलपूरच्या मे महिन्यात काय करतं, ते कोपर टेकून बघा.

माजी सैनिक वाचक म्हणतील, साहेब, गेरू-चुना विसरलात का? नाही विसरलो. इन्स्पेक्शन म्हटलं की झाडाला गेरू, दगडाला चुना, हे आपणच करत आलो. मी कॅप्टन असताना जनरल साहेब येणार म्हणून ऑफिसातल्या सागवानी टेबलावर एका रात्रीत तपकिरी एनॅमल मारून घेतला. त्या टेबलाच्या कोपऱ्यात कुणीतरी टोकदार वस्तूने आपलं नाव कोरलं होतं, खाली १९७१. सुभेदार साहेब एवढंच म्हणाले, "साहब, ये रहने देते हैं?" मी नाही म्हणालो. जनरल साहेब त्या खोलीत आलेच नाहीत. ते नाव आज मला आठवत नाही.

कॅप्टनला मी हे सांगितलं, त्याच्या बायकोसमोर. तिने तीन रविवार त्या टेबलावर घालवले होते, त्यामुळे चहा जरा गप्पच झाला. जाताना तिनेच विचारलं, निघेल का? आधी टर्पेंटाइनने मेण काढावं लागेल, मग रंग. ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन रविवारी जाणार आहे. रेषांमध्ये थोडा पांढरा राहीलच.