जाहिली किल्ला आणि मुंबईची पलटण

हिवाळा लागला की अल ऐनमधील मराठी कुटुंबे मुलांना घेऊन जाहिली किल्ला पाहावयास जातात. गोल बुरुजापुढे छायाचित्र निघते, थेसिगर साहेबाच्या वाळवंटप्रवासाची चित्रे पाहून होतात आणि मंडळी घरी परततात. एखादे चौकस मूल विचारते, "इथे सैनिक कोणाचे होते?" तेव्हा वडीलधारे "इंग्रजांचे" एवढे सांगून मोकळे होतात. हे उत्तर खोटे नाही. पण अपुरे आहे. त्यातून जे गळते, ते नेमके आपल्याच घरचे आहे.

हा किल्ला पहिले शेख झायेद यांनी १८९० च्या दशकात बांधला. इंग्रजी अंमलाखालील पलटणीची छावणी तेथे पडली ती १९५० नंतर. १९५१ मध्ये शारजात 'ट्रूशियल ओमान लेव्हीज' ही पलटण उभी राहिली; १९५६ पासून तिला 'ट्रूशियल ओमान स्काउट्स' म्हणू लागले. शिपाई बहुतेक अरब, वरचे अधिकारी इंग्रज, आणि आरंभीची माणसे जॉर्डनच्या अरब लीजनमधून आणलेली. टोळ्यांतील तंटे मिटविणे, गुलामांचा व्यापार रोखणे, तेल शोधणाऱ्यांना संरक्षण देणे ही तिची कामे. १९५२ मध्ये सौदी तुकडीने शेजारच्या बुरैमीतील हमासा गावी ठाण मांडले. ऑक्टोबर १९५५ मध्ये याच पलटणीने तिला तेथून हुसकावले. १९७१ मध्ये अमिरातींचा संघ झाला आणि ही पलटण त्याच्या सैन्याचा पाया ठरली.

मग १९५१ पूर्वी इंग्रजांना येथे अशी पलटण का लागली नाही? याचे उत्तर मुंबईत आहे. आखाताचा कारभार बराच काळ मुंबई सरकार आणि नंतर हिंदुस्थान सरकार पाहत असे. बळ लागले की तिकडूनच सैन्य येई. १९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला आणि हे आयते सैन्य इंग्रजांच्या हातून गेले. लेव्हीजचा जन्म त्या पोकळीतून झाला.

डिसेंबर १८१९ मध्ये सर विल्यम ग्रँट केर यांच्या हाताखाली मुंबईहून आलेल्या फौजेने रास अल खैमा घेतले. पुढच्याच महिन्यात किनाऱ्यावरील शेखांशी तह झाले. १८२१ मध्ये मुंबईची फौज पुन्हा ओमानात बनी बू अलीवर चालून गेली, आणि ते नाव मुंबईच्या पलटणींच्या रणसन्मानांत दाखल झाले. चाचेगिरी मोडण्यासाठी ही स्वारी होती, असे इंग्रज सांगत. शारजाचे शासक डॉ. सुलतान अल कासिमी यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात हा आरोप खोडून काढला आहे. आपल्या मुलांनी दोन्ही बाजू ऐकाव्यात.

त्या पलटणींत मराठे होते, महार होते, मुसलमान, बेने इस्राएल आणि परदेशीही होते. पुढे पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी इराकात कुत येथे वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौज शरण गेली, आणि कितीजण तुर्कांच्या कैदेतून परतलेच नाहीत. महारांना मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतीचे दार बंद झाले होते. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे पलटणीच्या शाळेत शिक्षक होते. पण त्यांच्या मुलाच्या पिढीला ती वाट मोकळी राहिली नाही. इमान एका बाजूने पाळले गेले, दुसऱ्या बाजूने नाही.

याचा अभिमान बाळगावा की शरम? आमच्या मते दोन्ही घाईचे. आमचे स्वतःचे पूर्वज त्याच मुंबई इलाख्यातून गिरमिटावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेले. कोकणातला कोणी पलटणीत गेला, कोणी जहाजावर चढला. कागदावर अंगठा उठविला तो पोटासाठी. हुकूम कोणाचा आणि लढाई कोणाची, हे त्यांना कोणी विचारले नाही. म्हणून त्यांच्या शौर्याचे पोवाडे गाताना, ज्यांच्या गावांवर ते चालून गेले त्यांचा विसर पडू नये. आणि साम्राज्याला दोष देताना त्या गरीब शिपायाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये.

आज आपण येथे परवाना घेऊन, कामासाठी आणि यजमानांच्या विश्वासावर राहतो. मागे आपली माणसे या किनाऱ्यावर बंदूक घेऊन उतरली होती, हे ठाऊक असलेला माणूस या विश्वासाची किंमत अधिक जाणतो.

वाचकांस आमची एक विनंती आहे. सुट्टीत गावी जाल तेव्हा माळ्यावरची जुनी पेटी उघडा. आजोबा-पणजोबांचे एखादे पदक, पेन्शनचा कागद, पलटणीचा क्रमांक हाती लागला तर उतरवून घ्या, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्याबद्दल विचारा. उद्या विचारायला ती असतीलच असे नाही. मग पुढच्या हिवाळ्यात जाहिलीच्या बुरुजाखाली मुलाने तोच प्रश्न विचारला, तर त्याला पुरे उत्तर द्या.