चित्र पाहावे की नियम वाचावा?

मुलगा मोबाईलवर काय खेळतो, असे पालकांना विचारले की दोनच उत्तरे मिळतात. ‘सारखी मारामारी हो सर!’ नाहीतर ‘आमचा बापडा फक्त फुटबॉल खेळतो.’ पहिल्याला काळजी, दुसरा निर्धास्त. दोघेही पडद्यावरचे चित्र पाहून बोलत असतात. त्यात नवल नाही. गोष्टींवर वाढलेला माणूस काहीही समोर आले तरी आधी त्यातली गोष्टच शोधतो.

पण आजीच्या अळगुळी मणेतली गोष्ट कोणती, असे आपल्या घरांत कधी कोणी विचारले आहे काय? सात-सात खळग्यांच्या दोन ओळी, त्यांत चिंचोके किंवा कवड्या. राजा नाही, राक्षस नाही. एका खळग्यातले उचलायचे आणि पुढे एकेक पेरत जायचे. सारी दुपार त्यात सरायची. गंमत होती ती पेरण्याच्या नियमात.

व्हिडिओ गेमकडे याच नजरेने पाहावे, असे म्हणणारी एक अभ्यासशाखा आहे. तिचे नाव ‘गेम स्टडीज’. त्याच नावाचे नियतकालिक नॉर्वेचे अभ्यासक एस्पेन आर्सेथ यांच्या संपादनाखाली २००१ साली निघाले आणि पहिल्याच अंकात भांडणाला तोंड फुटले. भांडणाचा विषय होता ‘टेट्रिस’. वरून पडणारे ठोकळे फिरवून ओळी जुळवायचा हा खेळ. नव्वदच्या दशकात आपल्याकडे खेळण्यांच्या दुकानांत आणि जत्रांत मिळणारा, छोट्या करड्या पडद्याचा ‘ब्रिक गेम’ ज्यांनी हाताळला असेल, त्यांना वेगळे सांगायला नको.

टेट्रिसचा जन्म १९८४ सालचा, मॉस्कोतला. अलेक्सी पाजितनोव हे सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करत. पाच चौकोन जोडून होणारे बारा आकार एका चौकटीत बसवण्याचे जुने कोडे त्यांच्या आवडीचे. संगणकासाठी त्यांनी पाचाचे चार चौकोन केले, आकार सात उरले. ‘इलेक्ट्रॉनिका ६०’ या यंत्रावर चित्रे उमटतच नसत, तेव्हा कंसाची चिन्हे जोडून ठोकळे दाखवले. ‘टेट्रा’ म्हणजे ग्रीकमध्ये चार आणि टेनिस हा त्यांचा लाडका खेळ, यांतून नाव झाले. १९८९ मध्ये तो निन्टेंडोच्या ‘गेम बॉय’बरोबर जगभर गेला. कर्त्याला मात्र स्वामित्वधन मिळू लागले ते १९९६ नंतर, कारण तोवर हक्क सरकारजमा होते! असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

अमेरिकेतल्या जॅनेट मरे यांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात लिहिले होते की, टेट्रिस म्हणजे नव्वदच्या दशकातील कामाने पिचलेल्या अमेरिकी माणसाच्या जगण्याचे हुबेहूब रूप आहे. एक काम हातावेगळे करावे तो दुसरे डोक्यावर पडते, आवराआवर संपतच नाही. फिनलंडचे मार्कु एस्केलिनेन यांनी त्या पहिल्या अंकात याची खिल्ली उडवली. असेच अर्थ लावायचे तर बुद्धिबळालाही अमेरिकी समाजाचे चित्र म्हणता येईल, असा त्यांचा टोला होता. रशियात जन्मलेल्या ठोकळ्यांत अमेरिका शोधण्यापेक्षा खेळ चालतो कसा ते पाहा, हे त्यांचे म्हणणे.

मला एस्केलिनेन यांचे म्हणणे पटते, पण अर्धेच. अमेरिका मरेबाईंनी पदरची घातली हे खरे. मात्र दमछाक त्यांनी चित्रावरून ओळखली नव्हती, ती टेट्रिसच्या नियमातच आहे. जुळलेली ओळ नाहीशी होते, चुकलेली तेवढी साचून राहते. खेळ पुढे सरकतो तसा वेग वाढतो. जिंकण्याची सोयच ठेवलेली नाही. म्हणजे नियम वाचूनही भाव कळतो, आणि तो पुष्कळदा चित्रापेक्षा खरा निघतो.

आता त्या निर्धास्त पालकाच्या फुटबॉलकडे वळू. २०२३ पासून ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ या नावाने निघणारी फुटबॉल-मालिका पूर्वी ‘फिफा’ नावाने विकली जाई. चित्र पाहाल तर हिरवे मैदान, रक्ताचा थेंब नाही. पण तिच्या एका प्रकारात आपला संघ बांधायला बंद पाकिटे फोडावी लागतात. आत कोणता खेळाडू निघेल ते आधी कळत नाही. पाकीट खेळात मिळवलेल्या नाण्यांनी घेता येते, तसे खऱ्या पैशांनीही. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने ‘फिफा १८’सह तीन खेळांतील अशी पाकिटे जुगारात मोडतात असे जाहीर केले. मग जानेवारी २०१९ च्या अखेरीस कंपनीने पाकिटांसाठी लागणाऱ्या गुणांची तिथली विक्री थांबवली. बंदुकीच्या खेळावर डोळा ठेवणाऱ्या घरांत हा फुटबॉल बिनबोभाट चालू असतो.

शेजारच्या नेदरलँड्समध्ये निकाल उलटा लागला. तिथल्या नियामकाने कंपनीला एक कोटी युरोंचा दंड केला होता, तो मार्च २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने रद्द ठरवला. पाकीट फोडणे हा स्वतंत्र खेळ नाही, कौशल्याच्या मोठ्या खेळाचा तो एक भाग आहे, असे कारण दिले. एक खेळ कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हा गेम स्टडीजवाल्यांचा प्रश्न न्यायाधीशांपुढे येऊन बसला तो असा.

मला बेल्जियमचे वाचन पटते. मैदानात कौशल्य लागते हे कबूल, पण पाकीट फोडायला ते लागत नाही. अळगुळी मणेत सगळे चिंचोके उघड्यावर असतात, मोजून पुढची चाल ठरवता येते. पाकिटात काय आहे ते मोजणार कसे? ‘फिफा १९’पासून कंपनी निरनिराळ्या दर्जाचे खेळाडू निघण्याची शक्यता टक्क्यांत दाखवू लागली. तुमच्या घरी हा फुटबॉल चालत असेल, तर पाकीट घेण्याआधी ते आकडे मुलाला मोठ्याने वाचायला सांगा.