आपला वारसा : उसाच्या शेताखालील दफनभूमी

दिल्लीहून उत्तरेस, यमुनेच्या पूर्वेकडील उसाच्या मुलखात, बागपत जिल्ह्यातील सिनौली हे गाव आहे. तेथील शेते चारचौघांच्या शेतांसारखीच दिसतात. परंतु २००५ साली जमीन सपाट करीत असता सांगाडे व मातीची भांडी वर आली आणि सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची दफनभूमी उजेडात आली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याला तेथील पहिल्या उत्खननात ११६ दफने आढळली. २०१८ साली तांब्याच्या पत्र्याने मढविलेल्या शवपेट्या, तलवारी व भरीव चाकांची वाहने मिळाली. ती वाहने रथ होते की बैलगाड्या, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत.

वाचकहो, हा वाद तरी कशाच्या आधारे चालतो? लाकूड केव्हाच कुजून गेले होते. चाकांचा आकार कळला तो त्यांवर जडविलेले तांब्याचे तुकडे मातीत जागच्या जागी राहिल्यामुळे. कोणी ते हौसेने वेचून नेले असते, तर पसाभर तांबे हाती आले असते. वाहन मात्र कायमचे नाहीसे झाले असते. मस्तक कोणत्या दिशेस, भांडी कोठे, शस्त्र कोणाजवळ, ही मांडणी हेच त्या निरक्षर भूमीचे लेखन होय. ते एकदा विसकटले की पुन्हा जुळविता येत नाही.

२०२० साली येथील २८ हेक्टरांहून अधिक क्षेत्र राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर झाले. १९५८ च्या कायद्याने अशा संरक्षित क्षेत्रात शेतीस मज्जाव नाही. मात्र एक फुटाहून खोल माती खणता येत नाही. ज्याचे पोट त्या जमिनीवर आहे त्याला हे बंधन जाचणारच. चार हजार वर्षांचा ठेवा त्याच्या संयमावर सुरक्षित आहे, याची जाणीव आपण शहरवासीयांनी ठेवावयास हवी.

अशा जागा केवळ उत्तरेतच आहेत असे नव्हे. नागपूरजवळ जुनापाणी येथे लोहयुगातील सुमारे ३०० शिलावर्तुळे आहेत, आणि तीही दफनांचीच खूण होत. तेथील एखादा धोंडा बांधाला लावणे सोपे. पण त्यासरशी एक वर्तुळ मोडते.

यास्तव आपल्या नांगराला वा कुदळीला असे काही लागले, तर हात तेथेच थांबवावा, वस्तू हलवू नये आणि तहसीलदारास अथवा जिल्हाधिकाऱ्यास वर्दी द्यावी. पूर्वजांना याहून वेगळे श्राद्ध नको असेल.