आज रोख, उद्याही रोख

खिशातून नोट बाहेर पडताना काळजात जी एक बारीकशी कळ येते, ती माणसाला मिळालेली फार मोठी देणगी आहे, असं माझं ठाम मत आहे. दात दुखतो म्हणून आपण दाताची काळजी घेतो. नोट दुखते म्हणून नोटेची घेतो. ही कळ घालवण्याचं औषध ज्यांनी ज्यांनी काढलं त्यांची घरं भरली, आणि ज्यांनी ते औषध घेतलं त्यांचे खिसे बसले. या वैद्यमंडळींत सावकार आले, वहीवर मांडून ठेवणारे वाणी आले आणि हल्ली बोटवाले आले.

बोटवाले म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारे आपले लाँचवाले नव्हेत. तिथं चणेवाल्याला पैसे दिल्याशिवाय पुडी हातात पडत नाही. व्यवहार चोख. मी म्हणतोय त्या बोटी दहा-दहा, पंधरा-पंधरा मजल्यांच्या. त्यांना क्रूझ म्हणतात. वरच्या मजल्यावर पोहण्याचा तलाव असतो. चहूकडे समुद्र पसरलेला असताना ज्यांना पोहायला तलाव लागतो, त्यांच्याकडून पैसे काढणं किती सोपं आहे, हे बोटवाल्यांनी केव्हाच ओळखलेलं आहे.

या बोटींवर रोख पैसा चालत नाही. हे ऐकून आमच्या बिल्डिंगमधले एक काका भलतेच खूष झाले होते. त्यांना वाटलं, सगळं फुकट. तसं नाही हो काका! बोटीवर चढताना तुम्हाला एक प्लॅस्टिकचं कार्ड देतात. तीच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पाकीट. साधं जेवणखाण तिकिटात येतं. पण खास कॉफी, दारू, मालिश, इंटरनेट, फोटो, किनाऱ्यावरच्या सहली हे सगळं वेगळं. हवं ते घ्या आणि कार्ड पुढे करा. 'टुक्' असा आवाज होतो. आवाज इतका गोड असतो, की त्यात पैसे गेले हे ऐकूच येत नाही. शेवटच्या दिवशी सगळ्या टुकटुकीची बेरीज होते. नोट बघून तोंड वाकडं न करणारी जागा बहुतेक बोटींवर एकच असते, ती म्हणजे जुगारखाना!

तेव्हा खरा प्रश्न हा, की या कार्डाच्या पाठीशी उभं कोणाला करायचं? क्रेडिट कार्डाला, डेबिट कार्डाला, परकीय चलन भरून घेतलेल्या फॉरेक्स कार्डाला, की काउंटरवर रोख अनामत भरायची? प्रवासाच्या पुस्तिका, ट्रॅव्हल कंपन्यांची पोरं आणि आमचे चिरंजीव हे सगळे एका सुरात म्हणतात, "क्रेडिट कार्ड!" माझं उत्तर आहे, रोख. मी 34 वर्षं एका सहकारी बँकेत कॅशियर होतो. तुम्ही म्हणाल, कॅशियर रोखीचीच तळी उचलणार. अहो, हलवाई सांगतो तेव्हा निदान मिठाईबद्दल तरी ऐकून घ्यावं की नाही?

बोटीवर उधारीचं खातं ही काही आजची युक्ती नाही. जुन्या ब्रिटिश आरमारात पर्सर नावाचा अंमलदार असे. खलाशांना कपडे, तंबाखू तो पगाराच्या खात्यावर मांडून देई. खलाशी भर समुद्रात. दुसरं दुकान कुठून आणणार? या पर्सरांची कीर्ती अशी, की मेलेल्या खलाशालासुद्धा ते तंबाखू खायला लावतात, असं म्हटलं जाई. म्हणजे माणूस गेला तरी त्याच्या खात्यावर तंबाखू पडतच राही. शिधा मोजताना पर्सरचा पौंड 16 औंसांऐवजी 14 औंसांचा असे. शेवटी 1797 साली स्पिटहेडला खलाशांनी बंड केलं, तेव्हा पगारवाढीबरोबर त्यांची एक मागणी होती, आम्हाला पुरा 16 औंसांचा पौंड द्या! आजच्या बोटी पौंड मारत नाहीत, पावती स्वच्छ देतात, हे कबूल. पण भर समुद्रात दुसरं दुकान नाही आणि सगळं खात्यावर, हा मूळ बेत तोच आहे.

पुढे 1950 साली फ्रान्समध्ये क्लब मेड नावाची सुट्टीवाल्यांची कंपनी निघाली. त्यांनी पाहुण्यांच्या गळ्यात मण्यांची माळ घातली. पेय पाहिजे? दोन मणी काढून द्या. मण्यांना पैसेच मोजलेले असत. पण मणी देताना कळ येत नाही. नोटेवर किंमत छापलेली असते, मण्यावर नसते. बोटीवरचं कार्ड म्हणजे मणी न संपणारी माळ.

हा माझा म्हातारचळ वाटत असेल, तर अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या दोन प्राध्यापकांचं ऐका. ड्रेझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी एक प्रयोग करून तो 2001 साली छापला. बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी विद्यार्थ्यांकडून बोली मागवली. काहींना सांगितलं, पैसे रोख द्यायचे. काहींना सांगितलं, क्रेडिट कार्डावर. सामना तोच, खुर्च्या त्याच. कार्डवाल्यांची बोली सरासरीनं रोखवाल्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाली! जे आमच्या आजीनं दाण्याच्या डब्याला गाठोडं बांधून सिद्ध केलं होतं, त्याला एमआयटीत जावं लागलं.

आता एकेका उमेदवाराला समोर घेऊ. डेबिट कार्ड सगळ्यांत वाईट, याबद्दल चिरंजीवांचं आणि माझं एकमत आहे. वर्षातून एवढंच होतं. बोट तुमच्या खात्यातली काही रक्कम आधीच अडकवून ठेवते. पैसे तुमचे, बँक तुमची, पण हात लावायची सोय नाही. अंतिम बिल वळतं झाल्यावरही ही अडकवणूक सुटायला काही दिवस जाऊ शकतात. तोवर एकाच खर्चाचे पैसे दोनदा गेल्यासारखे दिसतात, आणि घरी येऊन विजेचं बिल भरायला जावं तर खातं म्हणतं, शिल्लक अपुरी. फॉरेक्स कार्डातही पैसे तुमचेच भरलेले, म्हणून तोच फास. शिवाय काही बोटी ते अनामतीला घेतच नाहीत.

क्रेडिट कार्डात अडकते ती तुमची उधारीची मर्यादा, पदरचा पैसा नाही. हा त्याचा खरा गुण. पण आपल्याकडच्या पुष्कळ कार्डांवर परदेशी चलनातल्या खर्चाला साडेतीन टक्क्यांपर्यंत वरकड लागते, आणि त्या वरकडीवर 18 टक्के जीएसटी. समजा, बिल 400 डॉलर झालं आणि डॉलर 85 रुपयांचा धरला, तर झाले 34,000 रुपये. त्यावर वरकड 1,190 आणि वरकडीवर कर 214. म्हणजे खर्च केल्याबद्दल 1,404 रुपये दंड! काही ठिकाणी वर अदबीनं विचारतात, "सर, बिल रुपयांत करू का?" आपल्या रुपयाला एवढा मान मिळाला म्हणून भरून येऊ नका. तो भाव ते ठरवतात आणि स्वतःच्या नुकसानीचा ठरवत नाहीत. डॉलरांतच करा म्हणावं.

आणि बक्षिशी! मोठ्या अमेरिकी बोटींवर दर माणशी दर दिवशी साधारण 16 ते 20 डॉलर बक्षिशी आपोआप खात्यावर पडते. दोन माणसं, चार रात्री, 18 डॉलरनं 144 डॉलर. म्हणजे बारा हजार रुपयांच्या वर. शिवाय दारूच्या प्रत्येक पेल्यावर 18 ते 20 टक्के वेगळे. बक्षीस म्हणजे खुशी. खुशी आकारतात कशी? आमची खोली आवरणारा मुलगा गोव्याचा होता. आमचं मराठी ऐकून तो कोकणीत बोलला, हिच्या गुडघ्याची चौकशी केली, टॉवेलाचा हत्ती करून ठेवला. त्याच्या हातावर मी नोट ठेवली तेव्हा त्याच्या डोळ्यांत जे दिसलं, ते त्या 144 डॉलरांनी दाखवलेलं नाही. त्या पोरांना पोटभर पगार द्यायचं काम कंपनीचं आहे. ते माझ्या खात्यावर टाकून त्याला 'खुशी' म्हणायचं, ही भाषेची सुद्धा फसवणूक आहे.

पण माझं खरं भांडण टक्क्यांशी नाही. टक्के मी आयुष्यभर पाहिले. भांडण आहे ते कोणाच्या वहीवर कोण जगतो याच्याशी.

2024 साली चिरंजीवांनी आम्हाला सिंगापूरहून पेनांगला जाऊन येणाऱ्या बोटीवर नेलं. पोरगा गुणी. त्यानं आम्हां दोघांची कार्डं परस्पर आपल्या क्रेडिट कार्डाला जोडून टाकली. "आई, बाबा, तुम्ही काही बघायचं नाही. मजा करायची." पहिल्या दिवशी हिनं यंत्रावरची फेसाळ कॉफी घेतली. आवडली, म्हणून दुपारी आणखी एक घेतली. रात्री जेवताना चिरंजीव फोनकडे बघत हसून म्हणाले, "आई, आज दोन कॉफ्या झाल्या वाटतं!" प्रेमानंच म्हणाला हो. त्याच्या फोनवर प्रत्येक 'टुक्' उमटत होतं, त्याला तो काय करणार?

दुसऱ्या दिवशी ही फुकटचा मशीनचा चहा पीत बसली. म्हटलं, "कॉफी नको?"

"पित्त होतं."

चाळीस वर्षांच्या संसारात या बाईला पित्त झालेलं मी पाहिलेलं नाही. तिच्यामुळे इतरांना झालेलं पाहिलंय. मी काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ही पर्स घेऊन सरळ काउंटरवर गेली. पर्समध्ये गव्हाच्या डब्यातल्या पैशांचे मुंबईत रीतसर करून घेतलेले 200 डॉलर होते. म्हणाली, माझं कार्ड मुलाच्या खात्यावरून काढा आणि हे पैसे माझ्या नावावर जमा करा. काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, क्रेडिट कार्ड इज मोअर कन्व्हीनियंट, मॅडम. हिनं तितकंच गोड हसून विचारलं, "फॉर हूम?"

मी नंतर म्हटलं, "अगं, मुलगाच आहे ना आपला?"

"मुलगा आहे म्हणूनच. अहो, दुसऱ्याच्या वहीवर कॉफी गिळत नाही मला."

त्या दिवशी तिनं तीन कॉफ्या घेतल्या. तिसरी तर मला वाटतं केवळ तत्त्वासाठी. एका फोटोला वीस-पंचवीस डॉलर सांगणाऱ्या फोटोवाल्याला मात्र तिनं असं काही झटकलं, की तो परत आमच्या टेबलाकडे फिरकला नाही. पैसे आपले असले की माणूस 'हो' मोकळेपणानं म्हणतो आणि 'नाही' त्याहून मोकळेपणानं. दुसऱ्याच्या खात्यावर या दोन्ही शब्दांची चोरी होते. ज्या बाईनं सगळा जन्म आमटीतल्या चिंचेपर्यंत हिशेब सांभाळला, तिला म्हातारपणी "तू काही बघायचं नाही" म्हणणं ही सेवा वाटते खरी, पण ती मुखत्यारी काढून घेणं आहे. बोटीवर प्रत्येकाचं खातं वेगळं ठेवता येतं. नवऱ्याबायकोचंसुद्धा!

आता आक्षेप. रोख बाळगणं जोखमीचं. बरोबर, म्हणून पहिल्याच दिवशी अनामत भरून टाका, उरलेलं खोलीतल्या तिजोरीत ठेवा. आपल्या नियमांप्रमाणे बहुतेक देशांसाठी 3,000 डॉलरपर्यंत नोटा नेता येतात. एवढ्यातही ज्याचं भागत नाही, त्यानं माझा लेख वाचू नये. नोटा बदलून देणारा कमिशन काढतोच. काढतो, पण ते आधीच कळतं, महिन्यानंतरच्या बिलात नाही. उरलेले पैसे परत घ्यायला शेवटी रांग लावावी लागते. लागते. मी 34 वर्षं रांगेच्या दुसऱ्या बाजूला बसलो; पैसे घ्यायच्या रांगेत उभं राहून कोणी रडलेलं मला आठवत नाही. अनामत संपली की कार्ड चालेनासं होतं आणि चारचौघांत शोभा होते! अहो, तोच तर फायदा. डबा रिकामा झाला की चमचा खडखडतो, याला शोभा म्हणत नाहीत, सूचना म्हणतात.

एक आक्षेप मात्र मी मानतो. बोटीवरचा डॉक्टर महाग असतो आणि त्याचं बिलही याच खात्यावर पडतं. विम्याचे पैसे मिळतात ते बहुधा मागाहून. तेव्हा एक क्रेडिट कार्ड जवळ जरूर असू द्यावं. पण कसं? घरात फर्स्ट एडचा डबा असतो तसं. टिंक्चर आयोडीन आहे म्हणून कोणी रोज गुडघा फोडून घेत नाही.

आपल्याकडे वाण्याच्या दुकानात पाटी असे, 'आज रोख, उद्या उधार'. उद्या कधी उजाडत नाही, हे वाण्यालाही ठाऊक आणि गिऱ्हाइकालाही. बोटवाल्यांनी ती पाटी फिरवून लावली आहे: आज उधार, उद्या रोख. आणि यांचा उद्या नेमका उजाडतो. बोट धक्क्याला लागायच्या सकाळी!

म्हणून म्हणतो, बोटीवर खुशाल जा. समुद्र बघा, आवडली तर तीन कॉफ्या घ्या. फक्त चढताना ती बारीकशी कळ घरी विसरू नका. तिला वेगळं तिकीट पडत नाही.