कुंग फूचे कपडे आणि आमचा लंगोट

आमच्या पुतण्यानं अमरावतीजवळच्या भातकुलीत रेडिमेड कपड्यांचं दुकान टाकलं. हल्ली दुकान नुसतं रस्त्यावर असून भागत नाही, मोबाइलच्या नकाशावरही असावं लागतं. तिथं नोंद केली की लोकांनी काय शोधलं म्हणून तुमचं दुकान त्यांच्यापुढे आलं, याची यादी मालकाला पाहायला मिळते. 'शेरवानी भाड्यानं', 'शाळेचा ड्रेस', 'नवरीचा घागरा' इथवर ठीक होतं. या आठवड्यात यादीच्या तळाशी निघालं 'शाओलिन कुंग फू फॅशन'. पुढे शोधणाऱ्यांचा आकडा, १५ पेक्षा कमी.

"काकाजी, तुमी पेपरात लिहिता. सांगा बरं, याचा अर्थ काय?" ऐन चहाच्या वेळी पोट्टा येऊन बसला.

पेपरात लिहिणाऱ्या माणसाला सगळं कळतं, हा समज आमच्या गावातून कोण काढणार? सातबाऱ्यावरची नोंद, सुनेचा रक्ताचा रिपोर्ट, विम्याच्या कागदावरची बारीक अक्षरं, सगळं माझ्याकडे येतं. तुरीचा भाव कधी चढणार, हेही मलाच विचारतात, आणि नाही सांगितलं तर मी लपवतो आहे असं समजतात. आता त्यात चीनची भर पडली.

तरी कुतूहल म्हणून चार लोकांना विचारलं. शाळेचे एक सर म्हणाले, गॅदरिंगच्या डान्ससाठी कोणाला तरी ड्रेस हवा असेल. भाच्याचं मत पडलं, कराटे क्लासचं गिऱ्हाईक असणार. कराटे जपानचं, कुंग फू चीनचं, एवढा फरक आमच्याकडे कोण करतो? पण बाजी मारली ती शेजारच्या टेलर मास्तरांनी. मशीनवरून मान वर न करता ते म्हणाले, "अबे, कोनी म्हातारी बाई मोबाइलात बोल्ली असन, 'शालू, कुंकू, फॅशन'. मोबाइलनं आयकलं 'शाओलिन कुंग फू'. लगीनसराई हाय ना!"

मला हा अर्थ मनापासून पटला. पुतण्याला पटला नाही, कारण त्याच्या दुकानात शालू नाहीत आणि कुंकू तर नाहीच.

पण अशी फॅशन जगात आहे, हे मात्र खरं. ब्रूस ली १९७३ साली गेला. त्याच्या मागे पुऱ्या झालेल्या 'गेम ऑफ डेथ'मधला काळ्या पट्ट्यांचा पिवळा सूट पुढे २००३ साली 'किल बिल'च्या नायिकेनं घातला. शाओलिनच्या सरावात दिसणारे 'फेयुए' नावाचे शांघायचे स्वस्त कॅनव्हासचे बूट फ्रान्समध्ये २००६ साली नव्यानं बाजारात आले आणि एकदम ऐटीचे झाले. २००१ साली शांघायच्या परिषदेत बुश आणि पुतिन रेशमी चिनी जाकिटं घालून फोटोला उभे राहिले.

ही माहिती ऐकून पुतण्याचे डोळे चमकले. ब्रूस लीचा पिवळा सूट मागवू का म्हणाला. मी म्हटलं, बावा, पिवळा मागवायची गरज नाही. पांढरा मागव. आपण खारपाणपट्ट्यात राहतो. नळ चार दिवस आला नाही की कपडे बोअरच्या पाण्यात जातात. त्या पाण्यात साबण घासून हात दुखतो, पण फेस धरत नाही. बादलीत वर नुसती करडी साय तरंगते. माझ्या पांढऱ्या सदऱ्याची कॉलर पाहा, बगल पाहा. दोन-चार धुण्यांत ब्रूस लीचा रंग आपोआप चढतो. काळे पट्टे तेवढे वेगळे मारावे लागतील.

हे बोलता बोलता माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं. चिन्यांच्या मारामारीची फॅशन झाली, आपल्या कुस्तीची का झाली नाही? उत्तर सोपं आहे. त्यांच्याकडे खेळायला कपडे घालतात, आपल्याकडे काढतात. वूशूच्या, म्हणजे चिनी युद्धकलेच्या स्पर्धेत 'ताओलू' म्हणून जो प्रकार असतो, त्यात खेळाडू झुळझुळीत रेशमी पोशाखात हवेत गिरक्या घेतो. चिनी कुस्ती, 'शुआय जिआओ', तिच्यात तर जाड सुती कापडाचं आखूड बाह्यांचं जाकीट घालतात आणि ते जाकीट धरूनच एकमेकांना आपटतात. आपला पैलवान लंगोट कसून, अंगाला लाल माती चोळून उभा राहतो. मल्लखांबाचंही तेच. खांबाला एरंडेल चोपडलेलं, पकड धरायची ती उघड्या मांडीनं आणि काखेनं. मध्ये कापड आलं की गडी घसरून खाली. आता लंगोटात फॅशन करून करून किती करणार? काठ लावणार की जर? आणि ते दुकानाच्या काचेत पुतळ्याला नेसवून ठेवलं तर गावातल्या बाया त्या रस्त्यानं जायच्या बंद होतील.

यावरून आठवलं. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, आमच्यापासून तासाभराच्या आतलं. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेलं. मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिनला गेलं होतं, ऑलिम्पिकच्या निमित्तानं, आणि तिथं आपली कबड्डी आणि देशी खेळ दाखवून आलं. हे अमरावतीत शेंबड्या पोरालाही पाठ असतं. पण दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. त्याच उन्हाळ्यात, त्याच बर्लिनमध्ये चीननंही आपल्या युद्धकलेचं पथक धाडलं होतं. नऊ जण, सहा पुरुष आणि तीन बाया. चीनला त्या ऑलिम्पिकमध्ये एकही पदक मिळालं नाही, मात्र या नऊ जणांनी बर्लिनखेरीज जर्मनीतल्या आणखी शहरांतही खेळ केले.

म्हणजे वऱ्हाडातले गडी आणि कुंग फूवाले एकाच गावात, एकाच सुमारास! आपल्या कोणी त्यांच्या तलवारीचे हात पाहिले असतील का? त्यांच्यातली एखादी बाई आपल्या कबड्डीचा दम मोजत उभी राहिली असेल का? इंग्रजांच्या राज्यातले आपण आणि जपानच्या सावटाखालचे ते, दोघंही हिटलरच्या गावात आपापल्या घरचं दाखवायला गेलेले. मला तर त्या ऑलिम्पिकच्या सगळ्या पदकांपेक्षा हे महत्त्वाचं वाटतं. पुतण्याला वाटलं नाही. तो म्हणाला, "काकाजी, पन त्यात मालाचं काय?"

मालाचं मास्तरांना विचार म्हटलं. चायनीज कॉलर ते आयुष्यभर शिवत आलेत. आमच्याकडे दोन बोटं उभ्या पट्टीच्या कॉलरला तेच नाव आहे. तीच पट्टी पुढाऱ्याच्या गळ्याला लागली की नेहरू कॉलर होते आणि शिलाई वाढते. २०२० साली गलवानच्या वेळी चिनी मालावर बहिष्कार टाका म्हणून इथंही घोषणा झाल्या, तेव्हा घोषणा देणाऱ्यांतल्या दोघांचे चायनीज कॉलरचे कुर्ते मास्तरांच्या खुंटीवर तयार लटकत होते. दोघंही संध्याकाळी गुपचूप घेऊन गेले.

पुतण्यानं मोबाइलवर कुंग फूच्या जाकिटाचा फोटो दाखवला. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि सरळ गुंड्यांवर गेले. त्या जाकिटाला बटणं नसतात; कापडाची बारीक दोरी वळून तिची गाठ मारतात, समोरच्या फासात अडकवतात.

"हे तं आमच्या आज्याच्या बंडीले होतं," मास्तर म्हणाले. "मी लहानपनी वळून देत होतो. कापड तिरपं कापा लागते, नाही तं गाठ बसत नाही. सात लागतीन. एका गुंडीचे वीस रुपये पडतीन, जाकिटाची शिलाई अलग."

"मास्तर, आखं जाकीट ऑनलाइन पाचशेले भेटते," पुतण्या म्हणाला.

"मंग तिथूनच घे," मास्तर म्हणाले, "अन् गुंडी निंगाली की माह्याकडे आन."