दर्यालाही विसावा असतो

मालवणच्या किनाऱ्यावर बसलेला माणूस दिसला की शहरी पाहुणा म्हणतो, 'कोकणी माणूस आळशी!' पहाटे रापण ओढणारे हात दुपारी टेकले, तर गुन्हा कसला?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. मासळीच्या विणीसाठी सरकारच दर्याला विसावा देते. त्याच सरकारच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यातला ९ तासांचा दिवस १२ तासांपर्यंत ताणायला मंजुरी दिली! म्हणे, जादा तासांना जादा मोबदला. आमच्या उर्दू शाळेतली कितीतरी मुले अब्बांना फोनवरच्या आवाजावरूनच ओळखतात. आखातातही जादा मोबदलाच मिळतो.

रविवारची सुट्टीही खैरात नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे आणि गिरणी कामगारांनी ती १८९० मध्ये लढून मिळवली. आम्ही ती हौसेने परत करायची काय? मासळीला पिल्ले आहेत, मजुराला लेकरे नाहीत?