निसर्गाचा कोप म्हणे!

दरड कोसळून एखादे गाव गाडले गेले, की दुसऱ्याच दिवशी आपल्याकडे एक शब्दप्रयोग हमखास बाहेर निघतो: ‘निसर्गाचा कोप’. शब्द तपासण्याची मला मास्तरकीची खोड आहे, आणि हा शब्द मला अप्रामाणिक वाटतो. निसर्गावर खटला भरता येत नाही. म्हणूनच तो इतक्या जणांच्या सोयीचा आहे.

डोंगर कोपत नाही. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर साचून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी घडला. त्याचा काळा कातळ उन्हापावसात युगानुयुगे कुजत आला आणि त्याची माती उतारावर पांघरुणासारखी बसली. पाऊस सुरू झाला, की ही माती पाणी पिते, जड होते. खालच्या घट्ट कातळात पाणी तितक्या लवकर जिरत नाही. ते सांध्यावर साचते. तेथे त्याचा दाब वाढतो, मातीच्या कणाकणांची पकड सुटते आणि पांघरूण घसरते. यात कोप कोठे आला? हा सरळ हिशेब आहे.

जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यात माळीण. दीडशेवर माणसे गेली, आणि गाव जागेवर नाही हे प्रथम ध्यानात आले ते एस. टी.च्या चालकाच्या. २२ जुलै २०२१ रोजी पुन्हा महाड तालुका, तळिये. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी. चारही वेळा जुलै! कोपाला पंचांग पाहून येण्याची सवय दिसते. मग आपल्यालाच ते वाचता येऊ नये काय?

कोणी म्हणतील, डोंगर पोखरले, झाडे तोडली, त्याचे हे फळ. पुष्कळ ठिकाणी ते खरेच आहे. उताराचा पायथा कापला, की वरच्या मातीचा आधार जातो, हे सांगायला पंडित नको. परंतु इर्शाळवाडीला पायवाटेखेरीज रस्ताच नव्हता. शिवाय धोक्याच्या गावांच्या सरकारी यादीत तिचे नावही नव्हते. म्हणजे यंत्राला शिव्या देऊन आपण सुटत नाही, आणि यादी दाखवून सरकारही सुटत नाही.

उरले ते शहाणे, जे विचारतात, ‘हे लोक तेथे राहतातच कशाला?’ ज्याची चार वाफ्यांची भातखाचरे त्याच उतारावर आहेत, त्याने जावे कोठे, हे मात्र ते सांगत नाहीत.

माझे मागणे लहान आहे. डोंगरउतारावरच्या प्रत्येक वाडीत पर्जन्यमापक असावा. पोरांनी तो रोज वाचावा आणि आकडा शाळेच्या फळ्यावर लिहावा. जमिनीला भेग पडली, झरा अचानक गढूळ झाला, झाड कलले, की वाडी हलवण्याचा अधिकार वाडीलाच असावा. त्यासाठी तालुक्याच्या हुकुमाची वाट पाहावी लागू नये. आणि हललेल्या माणसांसाठी सुरक्षित जागी कोरडे छप्पर व चूल पावसाआधीच तयार असावी. पावसाळ्यात दोनदा धोका खोटा ठरेल, लोक हसतील. हसू द्यावे. हसायला माणसे उरली, हे काय थोडे झाले?

एवढेही न करता पुढच्या जुलैत जो ‘निसर्गाचा कोप’ म्हणेल, त्याने निदान निसर्गाची तरी क्षमा मागावी.